जामीन मंजूर, पण सुटका अडलेली: पैशाअभावी तुरुंगात राहिलेल्यांसाठी काम कसं सुरू करावं

कोर्टाने जामीन दिला की माणूस संध्याकाळपर्यंत घरी येतो, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात आदेशात ‘25,000 रुपयांचा जातमुचलका व तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार’ अशी एक ओळ असते, आणि बिगारी काम करणारा, पाल ठोकून राहणारा किंवा परराज्यातून पोटासाठी आलेला माणूस त्या ओळीपाशीच अडतो. शिक्षा झालेल्यांचंही तेच. मुख्य शिक्षा भोगून संपते, पण ‘दंड न भरल्यास आणखी तीन महिने कैद’ शिल्लकच राहते. 2022 च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत 5,73,220 बंदी होते आणि त्यांतले 4,34,302 न्यायाधीन, म्हणजे खटला अजून चालू असलेले. हे सगळेच पैशापायी आत आहेत असं नाही. जे आहेत त्यांना मात्र शोधता येतं, आणि बऱ्याचदा सोडवताही येतं.

कायद्याचे किंवा समाजकार्याचे विद्यार्थी, वस्तीत काम करणारे कार्यकर्ते, नव्याने वकिली सुरू केलेले, अशांसाठी हे लिहिलं आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण नवा माणूस नेमकी तिथेच घाई करतो: पैसे भरणं ही शेवटची पायरी आहे. वर्गणी काढून एखाद्याला सोडवलं की समाधान वाटतं, पण अवाजवी रक्कम निमूट भरली गेली की ती परवडणारीच होती असं कागदावर दिसतं. पुढच्या माणसाला तोच आकडा लागतो. म्हणून आधी रक्कम कमी करून घ्यायची, जामीनदाराची अट सैल करून घ्यायची, सरकारी योजनेचं दार ठोठवायचं, आणि हे सगळं होऊनही उरलं तरच खिशात हात घालायचा.

आधी आदेश हातात घ्या

नातेवाईक सांगतात ते ऐका, पण काम कागदावरूनच सुरू करा. कोर्टाच्या आवारात एखादी आई प्लास्टिकच्या पिशवीतून कागदांची गुंडाळी काढते. त्यात आधार कार्डाची झेरॉक्स, एफआयआरची प्रत, कुणा वकिलाचं कार्ड, सगळं असतं. जामिनाचा आदेश तेवढा नसतो. ‘पंचवीस हजार मागतायत’ एवढंच तिला कुणीतरी सांगितलेलं असतं. कोण मागतंय, कशाचे, हे तिला माहीत नसतं.

ई-कोर्ट्‌सच्या ॲपवर सीएनआर क्रमांक टाकला की खटल्याची स्थिती कळते, बरेचदा आदेशही मिळतो. प्रत्येक खटल्याला मिळणारा हा ओळख क्रमांक सोळा अक्षरी-अंकी असतो. तो नसेल तर खटला क्रमांक किंवा एफआयआर क्रमांकावरून शोधा. आदेश ऑनलाइन चढवलेला नसेल तर नक्कल मागवावी लागते. आदेश मिळाला की पुढच्या गोष्टी बघा.

रक्कम रोख भरायची आहे की नुसता जातमुचलका आहे? या दोहोंतला फरक न कळल्यामुळे कितीतरी घरं उगाच कर्ज काढतात. जातमुचलका म्हणजे ‘तारखेला आलो नाही तर इतके पैसे देईन’ असं आरोपीने लिहून देणं. त्यासाठी त्या दिवशी एक रुपयाही भरावा लागत नाही. जामीनदारही पैसे भरत नाही. तेवढी रक्कम देण्याची आपली ऐपत आहे हे तो कागदांनी दाखवतो: सात-बारा, घरपट्टीची पावती, पगाराची स्लिप, रेशन कार्ड, काही कोर्टांत तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. म्हणजे 25,000 च्या जामिनासाठी 25,000 रुपये नकोत, ज्याच्याकडे काही मालमत्ता किंवा पक्की नोकरी आहे असा माणूस हवा. गरिबाच्या ओळखीत तोच नसतो.

जामीनदार स्थानिकच हवा अशी अट आहे का, तेही पाहा. आणि या माणसावर दुसरी केस आहे का? एका केसमध्ये सगळं जुळवून आणल्यावर दुसऱ्या तालुक्याच्या कोर्टाचं वॉरंट तुरुंगात पडून आहे असं कळलं, तर सगळी मेहनत वाया. हे कारागृहातून किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, वकिलाकडून आधीच विचारून घ्या.

कोर्टाबाहेर ‘जामीनदार मिळवून देतो’ म्हणणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. एकच सात-बारा दहा जणांसाठी फिरवलेला असतो. जामीनदाराने आपण आणखी किती जणांना जामीन राहिलो आहोत हे कोर्टात लिहून द्यावं लागतं, त्यामुळे खोटेपणा उघडा पडतोच, आणि मग आरोपी पुन्हा आत जातो.

दार कुठलं ठोठवायचं

थेट तुरुंगाच्या फाटकावर जाऊन ‘आम्हाला गरीब बंदी भेटू द्या’ म्हटल्याने काही होत नाही. रस्ता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून जातो. हे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं आणि सचिव हे न्यायिक अधिकारी असतात. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे कोठडीत असलेल्या कुणालाही मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. लोक अभिरक्षक कार्यालयातले वकील या केसेस चालवतात. 15100 ही मदतीची हेल्पलाइन आहे. तुम्ही स्वतः प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलंत तर तुरुंगात जायचा अधिकृत मार्ग मिळतो आणि तुमच्या अर्जाला वजनही येतं.

जामिनावर अडलेल्यासाठी

सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी दिलेले निर्देश पाठ करून ठेवा. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृह अधीक्षकांमार्फत बंद्याला मिळाली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, सचिवांनी कुणाला तरी पाठवून कारण शोधायचं आणि गरज पडल्यास बंद्याच्या आर्थिक परिस्थितीचा अहवाल कोर्टापुढे ठेवायचा. महिना उलटूनही जामीन भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हेच उशिराचं एक कारण असल्याने तशी अट घालू नये, असंही त्यात आहे.

म्हणून तुमचं घड्याळ आदेशाच्या तारखेपासून चालू करा. आठव्या दिवशी सचिवांना लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणालाही आठवत नसतं.

कोर्टातला अर्ज वकीलच करणार, पण त्यात काय असावं हे तुम्हाला माहीत हवं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचं) कलम 484 सांगतं की जामिनाची रक्कम परिस्थिती पाहून ठरवायची, ती अवाजवी असता कामा नये, आणि सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय ती कमी करायला सांगू शकतं. गुन्हा जामीनपात्र असेल तर कलम 478 अजून सोपं आहे: अटकेपासून आठवडाभरात जामीन देता आला नाही, तर माणूस निर्धन आहे असं कोर्टाने गृहीत धरायचं आणि जामीनदाराशिवाय, नुसत्या बंधपत्रावर (जातमुचलक्यावर) सोडायचं. हे कलम लागू होत असूनही आत राहिलेले लोक सापडतात, कारण ते कुणी दाखवूनच दिलेलं नसतं. आणखी एक व्यवहारी वाट म्हणजे तात्पुरता रोख जामीन. आपल्याकडची न्यायालयं काही आठवड्यांसाठी थोडी रोख भरून सोडतात आणि तेवढ्यात जामीनदार उभा करायला सांगतात. माणूस बाहेर असला की स्वतः मुकादमाला, भावकीला गाठू शकतो.

या अर्जांमध्ये 1978 च्या मोतीराम खटल्याचा दाखला हमखास असतो. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दंडाधिकाऱ्यांनी 10,000 रुपयांचा जामीन लावला आणि दुसऱ्या जिल्ह्यातला भाऊ जामीनदार म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला 1,000 रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडलं. अनेक जिल्ह्यांत केसेस असलेल्यांसाठी 2024 चा गिरीश गांधी खटला उपयोगी आहे. तेरा एफआयआर असलेल्या माणसाला प्रत्येक ठिकाणी वेगळे जामीनदार आणायला लावणं सर्वोच्च न्यायालयाला पटलं नाही, तेच जामीनदार अनेक केसेसमध्ये चालतील असं सांगितलं.

त्याच संहितेचं कलम 479 हा वेगळा रस्ता आहे. गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ खटला चालू असतानाच आत काढला असेल, आणि आधी कधी शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश, तर सुटका मागता येते. त्यासाठी अर्ज करायची जबाबदारी कारागृह अधीक्षकांवर आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. एकापेक्षा जास्त केसेस असतील तरीही आड येतं, आणि पारधी समाजातल्या तरुणांसाठी काम करणाऱ्यांना ही अडचण रोज भेटते.

दंडावर अडलेल्यासाठी

इथे थोडा हिशेब करावा लागतो, पण तो अवघड नाही. निकालपत्राच्या शेवटच्या पानावर प्रत्येक कलमापुढे कैद, दंड आणि दंड न भरल्यास किती कैद असं तिन्ही दिलेलं असतं. एका कागदावर उतरवून घ्या.

पहिली तपासणी: दंडाबदलची कैद मर्यादेत आहे का? ज्या गुन्ह्याला कैद आणि दंड दोन्ही आहेत, तिथे ती त्या गुन्ह्याच्या कमाल कैदेच्या एक चतुर्थांशाहून जास्त असू शकत नाही. कमाल तीन वर्षांचा गुन्हा असेल तर नऊ महिन्यांवर जाता येत नाही. गुन्ह्याला नुसता दंडच असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 8 प्रमाणे 5,000 रुपयांपर्यंत दोन महिने, 10,000 पर्यंत चार महिने आणि त्यापुढे एक वर्ष ही कमाल. 1 जुलै 2024 च्या आधीच्या गुन्ह्यांना जुनं भारतीय दंड विधान लागू आहे, तिथले आकडे निराळे आहेत.

दुसरी: खटला चालू असताना आत काढलेले दिवस मुख्य शिक्षेतून वजा होतात, दंडाबदलच्या कैदेतून होत नाहीत. घरचे ‘तो तर आधीच दोन वर्षं आत होता’ म्हणतात, आणि त्यांचं चुकत नाही, पण कायद्याचा हिशेब असा आहे. दोन-तीन कलमांखाली दंड असेल तर त्या कैदा एकापुढे एक चालतात, एकत्र नाही. महाराष्ट्रातल्याच एका मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली हे स्पष्ट केलं. त्याच निकालात मात्र दंडाबदलच्या कैदेची मुदत कमीही करून दिली, हे वकिलाला आवर्जून दाखवा. मोक्कातल्या बऱ्याच कलमांत दंडच किमान पाच लाख आहे, तो आणायचा कुठून?

तिसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: दंड थोडा थोडा भरला तरी कैद त्या प्रमाणात कमी होते. समजा 12,000 रुपये दंड आहे आणि न भरल्यास तीन महिने. महिना काढून झाला असेल तर 8,000 भरले की सुटका, कारण उरलेल्या 4,000 ची कैद भोगून झाली. पूर्ण रक्कम जमेपर्यंत थांबू नका. पैसे शिक्षा देणाऱ्या कोर्टाच्या नाझरकडे (कोर्टातला पैसे घेणारा कर्मचारी) भरता येतात. पावतीची प्रत तुरुंगात त्याच दिवशी पोचवायची सोय आधीच करून ठेवा, नाहीतर शनिवार-रविवार मध्ये येतो.

अपील चालू असेल किंवा करता येत असेल तर दंड आणि त्याबदलची कैद कमी करण्याची मागणी त्यात घालता येते. 2007 च्या शांतिलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ही कैद गुन्ह्याची शिक्षा नसते, ती दंड न भरल्याबद्दलची असते, म्हणून ती ठरवताना माणसाची परिस्थिती बघितली पाहिजे. अमली पदार्थांच्या त्या प्रकरणात एक लाखाच्या दंडापायी लागलेली तीन वर्षं सहा महिन्यांवर आली.

सरकारी योजना

गरीब बंद्यांना आर्थिक मदत देण्याची केंद्राची योजना आहे, जून 2023 मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वं आली. तेव्हा ठरलेली मर्यादा न्यायाधीन बंद्यासाठी 40,000 रुपये आणि दंडासाठी 25,000 रुपये होती, त्यावरची प्रकरणं राज्यस्तरीय समितीकडे जातात. मर्यादा आणि कार्यपद्धती बदलत असतात, सध्याचा आकडा सचिवांच्या कार्यालयात विचारा. पैसे बंद्याच्या हातात येत नाहीत, थेट कोर्टात जमा होतात. जिल्ह्याच्या समितीत जिल्हाधिकारी, प्राधिकरणाचे सचिव, पोलीस अधीक्षक, कारागृहाचे अधिकारी आणि एक न्यायाधीश अशी मंडळी आहेत. समितीची बैठक कधी लागते याकडे लक्ष ठेवा, प्रकरणं तिथेच तुंबतात.

तुमचा उपयोग चौकशीच्या टप्प्यावर आहे. बंद्याची ऐपत नाही हे ठरवताना सचिव सामाजिक कार्यकर्त्यांची मदत घेऊ शकतात. घरी जाऊन या, घर कशाचं आहे, कमावतं कोण, रेशन कार्ड कुठल्या रंगाचं, कुणाचं किती देणं आहे, हे एका पानात लिहा आणि सरपंचाचा किंवा नगरसेवकाचा दाखला जोडा. असं पान फायलीत असलं की फाईल हलते.

मनी लाँडरिंग, यूएपीए (दहशतवादी व बेकायदा कारवायांविरोधी कायदा), भ्रष्टाचार प्रतिबंध आणि अमली पदार्थ या कायद्यांखालचे न्यायाधीन बंदी योजनेबाहेर आहेत. अमली पदार्थांचा अपवाद मला पटत नाही. गांजाची पोती वाहणारा हमाल आणि धंदा चालवणारा मालक यांना एकाच ओळीत बसवलंय.

वही ठेवा

सुटका झाली की विसरून जाऊ नका. सुधारणेची मागणी ज्या पुराव्यावर उभी राहते तो तुमच्याच हातात आहे. एक साधी एक्सेल शीट पुरते: कोर्ट, गुन्ह्याचं कलम, आदेशाची तारीख, रक्कम, जामीनदाराची अट, सुटकेची तारीख, किती दिवस वाया गेले, शेवटी काय केल्याने सुटका झाली. नावं या शीटमध्ये नकोत, ती वेगळ्या वहीत, कुलपात. घरच्यांची परवानगी असली तरी फोटो आणि नाव समाजमाध्यमांवर टाकू नका. खटला अजून उभा असतो.

सोबत माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत असावा लागतो, फी दहा रुपये, कोर्ट फी स्टँप चालतो. कारागृहाच्या जन माहिती अधिकाऱ्याला असं विचारा:

‘दि. 1 जानेवारी ते 31 डिसेंबर 2024 या काळात (1) जामीन मंजूर होऊन सात दिवसांत सुटका न झालेल्या न्यायाधीन बंद्यांची महिनानिहाय संख्या, (2) त्यांपैकी किती बंद्यांची माहिती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास कळवली, (3) केवळ दंड न भरल्यामुळे कैदेत असलेल्या सिद्धदोष बंद्यांची संख्या व दंडाची रक्कम.’

‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर येण्याची शक्यता धरून चाला. मग नोंदवह्यांची पाहणी मागा, आणि तीस दिवसांत पहिलं अपील करा.

मागायचं काय

‘गरिबांना न्याय द्या’ असं निवेदन देऊन फोटो काढता येतो, त्यापुढे काही होत नाही. मागणी एवढी नेमकी हवी की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावं लागेल. जिल्हा पातळीवर: सात दिवस उलटलेल्यांची यादी दर आठवड्याला अधीक्षकांकडून सचिवांकडे जावी, समितीच्या बैठकीची तारीख आधी जाहीर व्हावी, योजनेतून किती जण सुटले तो आकडा प्रसिद्ध व्हावा. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना भेटून पत्र देणं पुरतं.

कायद्यातली फट मोठी आहे ती हप्त्यांची. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 464 प्रमाणे दंड तीस दिवसांच्या मुदतीने किंवा दोन-तीन हप्त्यांत भरू देता येतो, पण शिक्षा फक्त दंडाची असेल तेव्हाच. कैद आणि दंड दोन्ही असलेल्याला, म्हणजे ज्याची कमाईच बंद झाली आहे त्याला, ही सवलत नाही. तिथे हप्ते मिळावेत, आणि दंड ठरवण्याआधी ऐपतीची नोंद निकालात असावी, या मागण्या मला सगळ्यांत रास्त वाटतात. फिनलंडमध्ये 1921 पासून दंड माणसाच्या उत्पन्नावर ठरतो, त्यामुळे ही कल्पना हवेतली नाही. पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीला, वस्तू किंवा तिची किंमत परत केल्यास, आता समाजसेवेची शिक्षा आहे. तीच वाट आणखी किरकोळ गुन्ह्यांना खुली करा असंही म्हणता येईल.

एका बाबतीत सांभाळून बोला. दंडातून कोर्ट पीडिताला भरपाई देऊ शकतं. ‘सगळे दंड माफ करा’ म्हणालात तर मार खाल्लेली बाई किंवा चोरी झालेला टपरीवाला तुमच्या विरोधात उभा राहील, आणि त्यांचं चूक नसेल. सरकारजमा होणारा दंड आणि पीडिताला मिळणारी भरपाई यांतला फरक निवेदनात पहिल्याच परिच्छेदात करा.

आमदारांकडे जाताना अधिवेशनाच्या बऱ्याच आधी जा, गर्दीत कुणी वाचत नाही. सोबत दोनच कागद न्या: तुमच्या शीटमधून काढलेला एक तक्ता आणि माहिती अधिकारात आलेलं एक उत्तर. विधानसभेत विचारता येईल असा प्रश्न तुम्हीच लिहून द्या, ‘अमुक कारागृहात जामीन मंजूर होऊनही तीस दिवसांहून अधिक काळ बंदी होते, हे खरे आहे काय; असल्यास, किती’ अशा साच्यात. स्वीय सहायकाला तो तसाच पुढे पाठवता आला पाहिजे.